धुतलेल्या हातांचं गाऱ्हाणं

मला बोलायला लावू नका, असं मी काल सांगितलं, आज सकाळी सांगितलं, आत्ता या माइकच्या दांडक्याला धरून परत सांगतो, पण ऐकतंय कोण? "अण्णा, महाराष्ट्र दिन आहे, आरोग्यावर दोन शब्द बोला, विषय अगदी सोपा आहे, जुलाब! होऊ नयेत म्हणून काय करावं आणि झाल्यावर काय करावं!" अरे पण मीच का? एवढे शिकलेले बसलेत समोर, बँकेतले, रेल्वेतले, दिवसभर कॉम्प्युटर बडवणारे, आणि जुलाबावर बोलायला कोण? दत्तात्रय शिंगटे, चौथीतून उठलेला, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, इथं लेकाकडं येऊन राहिलेला! हसा, हसा. मला काय कळत नाही होय, का हसताय ते? कलकत्त्यातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांची पोटं मी वाहती केली अशी माझी कीर्ती झालीय ना, म्हणून हा मान! चोराला बोलवायचं आणि कुलपं कशी लावावीत यावर भाषण करायला सांगायचं!

थांबा. सुलभाताई आतच आहेत ना, पिठल्यापाशी? बघा जरा डोकावून. आहेत? मग ते दार लोटून घ्या. कडी नको, नुसतं लोटा. हां.

तर तुम्हाला सांगतो, हात मी धुतले होते. साबणानं. हे पहिल्यांदा सांगतो, मधे सांगणार आहे आणि शेवटीही सांगणार आहे, कारण या मंडळात माणसाला एकदा सांगून काही कळत नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात सुलभाताई गुळवणींकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सुलभाताई म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको, पण मागच्या रांगेत नवी बदली होऊन आलेली दोन जोडपी बसलीत त्यांच्यासाठी सांगतो... आपल्या महिला विभागाच्या प्रमुख. घरात इतकी शिस्त की पाहुण्याची चप्पलसुद्धा दारात सरळ रेषेत उभी राहते. आणि सोवळं! या बाईंनी कलकत्त्यात इतकी वर्षं काढली पण घराखालच्या मासळीबाजारातून एकदा चालत गेल्या नाहीत. लांबून वळसा घालून जातात, उन्हातान्हात, नाकाला पदर लावून. त्यांचे यजमान, हे दुसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलेत ते, प्रभाकरराव... प्रभाकरराव, घाम का पुसताय? पंखा चालू आहे की! पाणी प्या. बाटली आहे का? प्या.

तर हळदीकुंकू. बायकांचा कार्यक्रम, मी का गेलो? मी गेलो नाही हो, मला नेलं! आमच्या सूनबाईंनी, सुरुचीनं. "अण्णा, आभाला सांभाळायला चला, आणि पन्हं ढवळायला तिथं कुणीतरी दमदार माणूस पाहिजे." पातेलं केवढं? तुम्हाला सांगतो, त्यात आमच्या डेपोचा कंडक्टर बसला असता तिकिटाच्या पेटीसकट. हावड्याहून बायका आलेल्या, बजबजहून आलेल्या, एकेकीला यायला निम्मा दिवस लागलेला, घसे सुकून कोरडे. मी म्हटलं चला, ढवळू.

आता वर जायच्या आधी मी खाली कोपऱ्यावर फुचका खाल्ला. खाल्ला! लपवत नाही. आपल्याकडं पाणीपुरी म्हणतात ते. द्रोणात घेतला, तिखट मागून घेतलं, उभ्यानं खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि वर गेलो. आणि वर गेल्यावर पहिल्यांदा काय केलं? मोरीत जाऊन हात धुतले. साबणानं! कुणाच्या? माझ्या! ही बघा, ही डबी. नीट बघा, मागच्यांना दिसतेय का? तंबाखूची डबी आहे, पण आत तंबाखू नाही, साबणाची वडी आहे. एसटीत होतो तेव्हापासून बाळगतो. अहो, एसटी स्टँडवर नळ असतो कधीतरी, पण साबण? आमच्या घरचीनं पहिल्याच वर्षी तंबी दिली होती, "डिझेलच्या हातानं भाकरीला शिवलात तर भाकरी चुलीत घालीन, आणि तुम्हाला वाढणार नाही!" आणि ती बोलायची तसं करायची. ती गेली, साबण राहिला. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत धुतो मी. डॉक्टर धुतात तसं.

पण सुलभाताईंनी काय बघितलं? गॅलरीतून माझा फुचका बघितला. मोरीतले हात बघितले का? नाही! मोरीत कोण बघतंय?

मग ढवळलं पन्हं. गूळ, कैरी, वेलदोडा, वास असा सुटला होता की आमची आभा, वय वर्षं सहा, पातेल्याला मिठी मारून उभी. त्यात बर्फ टाकला, खडे चांगले लिंबाएवढे. मी म्हटलं मला बर्फाआधीचं एक भांडं काढून ठेवा, माझ्या दाढा ठणकतात गार लागलं की. आपल्या मंडळातल्या शोभाताईंना खोकला होता, त्यांनीपण माझ्यासारखंच बिनबर्फाचं घेतलं. बाकी सगळ्यांनी थंडगार, घटाघटा, "वहिनी, अजून अर्धा ग्लास!" करून. आणि आभानं किती प्यायलं ते देवीलाच ठाऊक.

दुसरा दिवस उजाडला.

तुम्हाला सांगतो, मी कुंभार्ली घाटात ब्रेक फेल झालेली गाडी बघितलीय, पण त्या दिवशी या मंडळाची जी गत झाली ती बघितली नव्हती! आमच्या घरात तर संडासापुढं लाइन. आमचा अजेय, बँकेतला मोठा साहेब, टाय लावून दारावर थापा मारतोय, "सुरुची, किती वेळ!" आतनं आवाज, "तुम्ही शेजारी जा!" शेजारी मुखर्जीबाबू, त्यांच्याकडं काय सांगून जायचं? आणि हा रमेश, हा माइक लावणारा, हा बजबजच्या लोकलनं हापिसला निघाला. निघाला म्हणजे काय, प्रत्येक स्टेशनाला उतरला! त्या गाडीला संडास नसतो हो. स्टेशन दिसलं की उतरायचा, पुढच्या गाडीत चढायचा, परत स्टेशन दिसलं की उतरायचा. हापिसात पोचला तेव्हा डबा खायची सुट्टी झाली होती, आणि याला डब्याचं नाव काढवत नव्हतं! रमेश, खोटं सांगत असेन तर माइक बंद कर. बघा, करत नाही.

आणि मी? मी ठणठणीत! सकाळी उठून पोहे खाल्ले, तळ्याला चक्कर मारून आलो.

हाच माझा गुन्हा. दुपारी मोबाइलवर मंडळाच्या ग्रुपमध्ये सुलभाताईंचा आवाज आला, ते बोललेलं पाठवतात तसं, "नमस्कार मंडळी, माझ्याही पोटात कळा येत आहेत, तरी सांगते. माझ्या घरी सगळं सोवळ्यात झालं होतं. बाहेरची घाण ज्यांच्या हाताला होती त्यांनीच पन्ह्यात हात घातला, आणि ते स्वतः मात्र ठणठणीत आहेत! कोण ते मी नाव घेणार नाही." नाव घेणार नाही! ठणठणीत एकच माणूस उरलाय अख्ख्या मंडळात, आणि म्हणे नाव घेणार नाही! शोभाताईपण धडधाकट होत्या, पण त्या खोकत होत्या म्हणून सुटल्या. माणसानं निरोगी असणं हा पुरावा कधीपासून झाला हो? आणि हात घातला म्हणे! मी पळीनं ढवळलं, पळी माझ्या हाताहून लांब!

आणि हात मी धुतले होते. साबणानं.

बरं, तेवढं मी गिळलं असतं. ड्रायव्हर माणूस, पॅसेंजरच्या शिव्या जन्मभर खाल्ल्या. पण आभा. पोरीला सगळ्यात जास्त लागलेलं, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, नुसती पडून होती. आणि घरात डॉक्टरकी सुरू! प्रत्येकाची वेगळी. सुरुचीच्या आईचा पुण्याहून फोन, "पोट रिकामं ठेवा, पाण्याचा थेंब देऊ नका, आत काही गेलं नाही तर बाहेर काय येईल?" मला पण पटलं हो ते! मी आपला सुंठ उगाळायला बसलो, जायफळ उगाळलं, आणि अजेय दुकानातून एक गोळी घेऊन आला, "अण्णा, ही दिली की लगेच बंद." आणि जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, त्या ओआरएसचं, पाकीट आणलं ते त्यानं एका पेल्यात कालवलं, "दाट झालं की जोर जास्त." तुम्हाला सांगतो, एका पोरीच्या पोटावर आम्ही तिघं मेकॅनिक, आणि गाडी कशी चालते ते एकालाही माहीत नाही!

मग नेली मृणाल डॉक्टरीणबाईंकडं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतात त्या बंगाली बाई. बारक्या चणीच्या, पण आवाज असा की बाहेर रिक्षावाला उठून उभा राहतो. त्यांनी आभाच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली, डोळे बघितले आणि मग आमच्याकडं वळल्या. "पानी बोंद किया? कौन बोला? गोली दिया? बच्चे को? वो पेट का गोली बच्चे को कोभी नेही देने का, दादू! और ये पाकीट एक गिलास में? पाकीट पे लिखा है ना, एक लिटर पानी! पोढ़ते नेही?" अजेय साहेब खाली बघतात. मी म्हटलं, बाई, मी चौथीचा, मला बोला, हा तर बँकेत कर्जाची कागदं वाचतो! त्या म्हणाल्या, "तो इसको दो बार बोलूँगी!" आणि खरंच दोनदा बोलल्या.

आता तुम्ही मला विषय दिलाय तर ऐका, उगाच बसला नाहीत. रेडिएटर गळायला लागला की आपण काय करतो? पाणी ओतत राहतो. गळतंय म्हणून पाणी बंद केलं तर इंजिन जाम! माणसाचं तसंच. जितकं जातंय तितकं आत घालायचं, पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवून, जास्त दाट नाही, जास्त पातळ नाही. चमच्याचमच्यानं, पोर ओकली तरी दहा मिनिटं थांबून परत चमच्यानं. पाकीट कालवलं की त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी नवं. आणि खायला द्यायचं! मऊ भात, केळं, दही, तान्हं असेल तर आईचं दूध. उपास नाही, सुंठ नाही, जायफळ नाही. लहान पोराला ती झिंकची गोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यायची, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. आणि रक्त पडलं, पोर लघवीला जाईना, पाणी पिता येईना, ग्लानीत गेलं, की ग्रुपवर विचारत बसायचं नाही. उचलायचं आणि दवाखाना गाठायचा! झालं तुमचं भाषण. टाळ्या नको, अजून माझं राहिलंय.

सुलभाताई आतच आहेत ना? पिठलं हाटतायत का? वास तर करपल्यासारखा येतोय... नाही, मी बोलणार नाही. पिठलं माझं काम नाही आता.

आभा दोन दिवसांत उठून बसली, हसायला लागली. मी आपला मऊ भात कालवला, तूप-मीठ घालून, छोटा घास केला, म्हटलं आ कर चिमणे. पोरीनं तोंड फिरवलं. आमची आभा इथं वाढलेली, तिची मराठी अशी तशीच, म्हणते कशी, "आजोबा, आपके हाथ से नको. सुलभा आजी बोलली, तुमचे हात गंदे आहेत." सहा वर्षांची पोर हो. माझ्या ताटातलं ओढून खाणारी. मी हात बघत बसलो. बेचक्यांतून बघितलं, नखं बघितली. मग डबी काढली आणि परत धुतले, तरी ती म्हणाली, मम्मीच्या हाताने खाते. आणि सुरुची-अजेयनीपण सुलभाताईंचंच खरं धरलेलं.

तेव्हा ठरवलं. कोण म्हणतं हे माझ्या हातानं झालं? खरं कशानं झालं ते शोधून काढायचं! मृणालबाईंकडं गेलो, म्हटलं बाई, सगळे पडले, मी आणि एक खोकणारी बाई उभी, सांगा का? त्यांनी उलट विचारलं, "तुम दोनों ने क्या नेही खाया?" मी म्हटलं सगळं खाल्लं, डाळ खाल्ली, पन्हं प्यालो, फुचकापण खाल्ला! "सोचो दादू." आणि तुम्हाला सांगतो, तिथं खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या दाढा ठणकल्या. बर्फ! मी म्हटलं, बाई, बर्फ! त्या म्हणाल्या, "बर्फ भी पानी है ना. किधर से आया?"

किधर से आया? सुलभाताई तर सगळ्यांना ऐकवत होत्या, "बर्फ माझ्या घरच्या फ्रीजमधला, गाळलेल्या, उकळलेल्या पाण्याचा!" मग मी गेलो प्रभाकररावांकडं. घरी नाही, ते संध्याकाळी बागेत फिरायला येतात तिथं. बाकावर बसवलं, म्हटलं प्रभाकरराव, बर्फाची भांडी तुम्ही भरलीत का आदल्या दिवशी? माणसाचा चेहरा असा झाला, आत्ता झालाय ना, बघा, तस्सा!

प्रभाकरराव, उठू नका. बसा. दार लोटलेलं आहे.

आदल्या दिवशी क्रिकेट होतं. बाईंनी सांगितलं होतं, भांडी भरून ठेवा, आणि हे बसले मॅच बघत! सकाळी फ्रीज उघडला तर बर्फाच्या भांड्यांत खडखडाट. बायका यायला लागलेल्या, कडक ऊन. हे धावत खाली गेले, आणि बर्फ कुठं मिळाला? जिथून सुलभाताई नाकाला पदर लावून वळसा घालतात, तिथं! मासळीबाजारात! भुशात गुंडाळलेली लादी, तिच्यावर रोहू झोपला होता की पाबदा ते विचारलं नाही म्हणे. आणली, नळाखाली विसळली, कपड्यात बांधून वरवंट्यानं फोडली, आणि फ्रीजच्या भांड्यातून आणल्यासारखी पन्ह्यात ओतली. चैत्रगौरीच्या पन्ह्यात! आणि माझ्यासमोर ओतली हो, मी ढवळत होतो!

"अण्णा," हात धरला त्यांनी माझा, "हिला कळलं ना, तर मला उंबऱ्याबाहेर उभं करून गंगाजल शिंपडेल, आणि तेपण गाळून!" रडकुंडीला आलेला माणूस. मी वचन दिलं. म्हटलं, प्रभाकरराव, सुलभाताईंना माझ्या तोंडून कळणार नाही. ड्रायव्हरचा शब्द आहे.

आणि शब्द मी पाळला! पाळतोय! तुम्हाला सांगणार नाही असं वचन मी कुठं दिलं होतं? तुम्हाला सांगणं वेगळं, सुलभाताईंना सांगणं वेगळं. पण या वर्षी माझ्या हातातून पळी गेली. दर महाराष्ट्र दिनाला पिठलं कोण करतं इथं? मी. गाठ न होता, खमंग, हिरव्या मिरचीचं. आणि आज? सुलभाताई स्वतः आत, आणि मला माइकपाशी उभं केलंय, पातेल्यापासून लांब. आणि माझी आभा तिथं पहिल्या रांगेत बसलीय, आणि ती माझ्या हातचं खात नाही. म्हणून बोललो. नाहीतर मला काय हौस आहे तुमच्या जुलाबावर बोलायची?

तर घरोघरी बर्फ घरचा, पाणी उकळलेलं, आणि हात... रमेश, तू का हातवारे करतोयस? काय? भोंगा? कुठला भोंगा? आतमध्ये? स्वयंपाकघरात भोंगा? कुणी लावला? "आतल्या बायकांनाही आरोग्याचं ऐकू जावं म्हणून"? अरे रमेश, मेल्या, मघाशीच मी म्हटलं होतं माइक बंद कर, तेव्हा का नाही केलास!

...

दार उघडलं.

नमस्कार सुलभाताई.

नाही, मी काही... प्रभाकरराव, खिडकीकडं जाऊ नका, तिथं गज आहेत. सुलभाताई, ते नंतर घरी बघा त्यांच्याकडं, लोक बसलेत. काय? पळी? मला? घेतो की. "दत्तात्रयराव, पिठलं खाली लागतंय. हात धुऊन या."

ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी? हात धुऊन या!

बरं. धुतो. हा निघालो, डबी खिशात आहे. आभा, कुठं आलीस तू माझ्या मागं? "आजोबा, पहिला घास मला." मिरची लागेल गं. "चालेल." चल मग, तू पण हात धू. दोघं धुऊ. बेचक्यांतून, हां, नखांखालून.

माफीचं म्हणताय? प्रभाकररावांनी बागेतच मागितली होती. सुरुचीनं आत्ता लांबून कान धरलेत, बघितलं मी. अजेय खाली बघतोय, म्हणजे त्याची पण आली. राहिली एकच, आणि ती काही यायची नाही, कारण त्या आता माझे हात नीट धुतले जातायत का ते बघायला नळापाशी उभ्या आहेत... सुलभा प्रभाकर गुळवणी.